कागदावर तीन, स्लॅबमध्ये पाच

हे प्रकरण एका छोट्या स्ट्रक्चरल डिझाईन ऑफिसातलं आहे. माणसं तीन. कडक म्हणून सगळ्यांना माहीत असलेल्या वरिष्ठ इंजिनिअर मॅडम, त्यांच्या हाताखाली नव्याने आलेला मुलगा, आणि त्या दोघांच्या मधल्या टेबलावर बसणारा मी. दोघांना विचारून लिहितोय आणि नावं त्यांच्याच इच्छेने वगळली आहेत. मी तटस्थ आहे असं कुणी समजू नये. मला दोघांबद्दलही माया आहे, आणि जे घडलं त्यात माझाही एक वाटा आहे. तो पुढे येईलच.

मुलगा हुशार होता. चार मजल्यांची फ्रेम तो अर्ध्या दिवसात संगणकावर उभी करायचा. पहिल्या दिवशी मॅडमनी त्याच्यापुढे एक कोरं पॅड, पेन्सिल आणि साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर ठेवला. म्हणाल्या, "सहा आठवडे मॉडेल उघडायचं नाही." त्याचा चेहरा उतरलेला मला अजून आठवतो. ज्या गोष्टीत आपण सगळ्यात पुढे, तीच काढून घेतल्यावर माणसाचं कसं होतं, तसं त्याचं झालं.

पॅडवर लिहायचे नियम ठरलेले होते. प्रत्येक पानावर पान क्रमांक, तारीख, आद्याक्षरं. डाव्या समासात प्रत्येक आकड्याचा उगम: बांधकामाच्या नियमांचं, म्हणजे कोडचं, कुठलं कलम, कुठलं ड्रॉइंग, की स्वतःचं गृहीत. उगम नसलेला आकडा दिसला की मॅडम त्याच्याभोवती लाल गोल काढायच्या आणि बाजूला लिहायच्या, "हा कुठून आला?" बस्स, एवढंच. बरोबर उत्तर कधीच लिहायच्या नाहीत.

त्याचं पहिलं काम होतं बाल्कनीचा स्लॅब. दीड मीटर बाहेर आलेला, १५० मिलिमीटर जाड. त्याने भार काढले: स्लॅबचं स्वतःचं वजन ३.७५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, फरशी आणि बाकी थर १.५, वापराचा भार ३. बेरीज ८.२५. कँटिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूला आधार असलेला स्लॅब असल्याने मोमेंट (आधारापाशी वाकवणारा परिणाम) भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले दोन, म्हणजे सुरक्षा गुणक लावायच्या आधी साधारण ९.३ किलोन्यूटन-मीटर. गणित बिनचूक होतं, तरी पान परत आलं. या वेळी गोल आकड्याभोवती नव्हता, पानावरच्या स्केचमध्ये बाल्कनीच्या टोकाला होता. प्रश्न होता, "इथे काय आहे?"

त्याने पान तीनदा तपासलं. मग आर्किटेक्टचं ड्रॉइंग उघडलं. टोकाला मीटरभर उंचीचा विटांचा कठडा होता. त्याचं वजन प्लास्टरसकट मीटरला जवळजवळ ३ किलोन्यूटन, आणि तेही पार टोकाला, म्हणजे दीड मीटरच्या हाताने गुणायचं. ४.५ आणखी. विसरलेल्या एका भिंतीने मोमेंट जवळजवळ निम्म्याने वाढवला होता. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "सर, मॉडेलमध्ये पण मी हा टाकलाच नसता." ते पान एकूण सात वेळा परत आलं. सातव्या वेळी लाल पेनाने फक्त एक बरोबरची खूण होती.

मी त्याच्या बाजूने होतो. सात फेऱ्या मला जाचक वाटायच्या, आणि त्यातल्या दोन तरी निव्वळ मांडणीसाठी होत्या, असं माझं अजूनही मत आहे. पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एक गोष्ट दिसायला लागली. पान मॅडमकडे जायच्या आधी तो स्वतःच पेन्सिलने गोल काढायचा आणि खोडायचा. त्यांचा प्रश्न त्याला आता स्वतःच पडायला लागला होता.

साइटवर तर मॅडम आणखी कडक. काँक्रीट भरायच्या आदल्या दिवशी त्या स्वतः शटरिंगवर, म्हणजे काँक्रीटच्या साच्यावर, चढायच्या आणि याला गुडघ्यांवर बसवून टेपने मोजायला लावायच्या. बाल्कनीत सळई वरच्या बाजूला लागते, कारण ताण वर येतो. पण काम चालू असताना माणसं त्याच जाळीवरून ये-जा करतात आणि जाळी पायाखाली दबत जाते. एका ठिकाणी त्याने मोजलं तर सळई चाळीस मिलिमीटर खाली गेलेली. "ताकद किती राहिली?" मॅडमनी तिथेच विचारलं. त्याने तळहातावर पेनाने लिहिलं: परिणामी खोली, म्हणजे स्लॅबच्या तळापासून सळईपर्यंतचं अंतर, १२५ हवी होती, उरली ८५. म्हणजे साधारण एक तृतीयांश ताकद गेली, आणि सळई मात्र ड्रॉइंगप्रमाणेच, एकही कमी नाही. फिटरने चेअर, म्हणजे सळईचे छोटे आधार, टाकून जाळी उचलली. त्याने पुन्हा मोजलं. त्या दिवसापासून साइटवर जाताना त्याच्या खिशात टेप नसलेला मी पाहिला नाही.

तिसऱ्या महिन्यात मॅडमनी त्याला एक जुनं प्रकरण सोडवायला दिलं होतं. ते इथे सांगायलाच हवं. १७ जुलै १९८१. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं हयात रीजन्सी हॉटेल. लॉबीवर टांगलेले दोन पादचारी पूल एकावर एक कोसळले. ११४ माणसं गेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. मूळ कल्पनेत छतापासून खाली येणारा रॉड सलग होता, आणि वरचा व खालचा पूल दोन्ही त्याच रॉडला आपापल्या नटावर टेकलेले होते. प्रत्यक्ष जोडताना सोपं पडावं म्हणून रॉडचे दोन तुकडे केले गेले. वरचा पूल छताला टांगला आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला. कागदावर दिसायला फरक अगदी किरकोळ. पण वरच्या बीमखालच्या नटावर आता एका पुलाऐवजी दोन पुलांचा भार आला. चौकशीत मूळ जोडही नियमाला पुरा पडत नव्हता असं निघालं, आणि बदललेला जोड पुन्हा गणिताने तपासलाच गेला नव्हता हेही. जबाबदार इंजिनिअरांचे परवाने रद्द झाले.

त्याने दोन्ही जोडांची मुक्त-पिंड आकृती काढली, म्हणजे जोड सुटा धरून त्यावरचे भार दाखवले. एका पुलाचा भार पी धरला, तर एकीकडे नटावर पी, दुसरीकडे दोन पी. मॅडमनी पहिल्याच फेरीत बरोबरची खूण केली. असं फार क्वचित व्हायचं.

मग सहावा महिना आला. जिन्याच्या एका ड्रॉइंगमध्ये लेव्हल १५० मिलिमीटरने चुकली. चूक त्याची होती आणि पायऱ्या बांधायच्या आधीच कळली होती. आठवड्याच्या बैठकीत कंत्राटदाराची माणसं, आर्किटेक्ट, आमचं अख्खं ऑफिस बसलेलं असताना मॅडमनी ती शीट टेबलावर पसरली आणि म्हणाल्या, "हे यांनी काढलंय. मोजायला कंटाळा आला असावा."

इथे एक बारकावा आहे. मॅडम त्याला एरवी "तू" म्हणायच्या. रागावल्या की "तुम्ही", "हे", "यांनी" सुरू व्हायचं. आमच्या ऑफिसात सगळे त्या आदरार्थी बहुवचनाला घाबरून असायचे. त्या दिवशी बैठक संपल्यावर तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर आला, काम नेहमीसारखं केलं, आणि सगळं विसरला असं आम्ही धरून चाललो.

आठव्या महिन्यात चार मजल्यांच्या एका इमारतीची मजल्यांची ड्रॉइंगं गेली. सगळे मजले सारखे, म्हणून एकच शीट सगळ्या मजल्यांना. त्या शीटवर त्याने बीमच्या तक्त्यात शेजारच्या बीमची ओळ कॉपी केली आणि एक रकाना बदलायचा राहिला. आधाराजवळ वरच्या बाजूला २० मिलिमीटरच्या तीन सळया हव्या होत्या, पडल्या १६ च्या तीन. व्यासात फरक चार मिलिमीटरचा, पण क्षेत्रफळ एका सळईमागे ३१४ वरून २०१ चौरस मिलिमीटरवर येतं. तिघी मिळून ९४२ ऐवजी ६०३. एक तृतीयांशाहून जास्त पोलाद गायब.

पहिल्या मजल्याचं काँक्रीट सकाळी सात वाजता होतं. आदल्या रात्री साडेनऊला पुढच्या कामासाठी जुने कागद चाळताना त्याला हे दिसलं. मी तेव्हा ऑफिसातच होतो. त्याने साइटच्या सुपरवायझरला फोन लावला आणि खालच्या आवाजात सांगितलं, "त्या बीमला वर अजून दोन सोळाच्या टाका. हो, दोनच. ड्रॉइंगचं मी बघतो." पाच सळया झाल्या म्हणजे १००५, गरजेपेक्षा थोडं जास्तच. हिशोब बरोबर होता आणि सुपरवायझरने रात्रीच सळया बांधून फोटो पाठवला. इमारतीला त्या मजल्यावर काही धोका राहिला नाही.

पण ड्रॉइंग तसंच राहिलं. सुधारित आवृत्ती काढायची म्हणजे कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहायला हवं आणि मॅडमची सही घ्यायला हवी. ते त्याने केलं नाही.

तो फोन मी ऐकला होता. काय चाललंय हे मला साधारण कळलं होतं. मी काही बोललो नाही. बैठकीतला तो दिवस आठवला आणि वाटलं, पोराने निस्तरलंय ना, मग जाऊ दे. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत ज्या गोष्टींची मला लाज वाटते त्यात ही आहे, कारण तो नवखा होता आणि मी नव्हतो.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या मजल्याची सळई बांधून झाली. तो सुपरवायझर रजेवर होता. नव्या माणसाने ड्रॉइंगप्रमाणे काम केलं, म्हणजे त्याच्याकडून काहीच चुकलं नव्हतं. मॅडम तपासायला चढल्या, आम्ही दोघं मागे. त्या बीमपाशी त्या थांबल्या. ड्रॉइंग आणि सळई तंतोतंत जुळत होती. तरी त्यांनी बीमच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं, मग शेजारच्या बीमकडे.

"याचा स्पॅन सहा-दोन. त्याचा चार-आठ. मग आधारावर सळया सारख्या कशा?"

स्पॅन म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, आणि मोमेंट त्याच्या वर्गाने वाढतो. ६.२ आणि ४.८ चे वर्ग घेतले तर भार सारखा धरूनही मोठ्या स्पॅनला दीडपटीहून जास्त मोमेंट येतो. हे त्यांनी कॅल्क्युलेटरशिवाय, नुसतं बघून पकडलं. तो गप्प उभा होता. तेवढ्यात फिटर सहज बोलून गेला, "मागच्या स्लॅबला तर पाच टाकल्या होत्या, मॅडम."

"खाली किती आहेत?" त्यांनी मुलाला विचारलं.

"पाच."

"आणि कागदावर?"

"तीन."

मॅडमनी काँक्रीट थांबवायला सांगितलं. मिक्सर परत गेला. त्या जिन्याने खाली उतरल्या आणि गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. ऑफिसात आल्यावर "तुम्ही" सुरू झालं. "तिसऱ्या महिन्यात तुम्हीच आकृती काढलीत ना? नटावर दोन पी लिहिलंत ना? कागद न बदलता केलेला बदल म्हणजे काय होतं, ते तुम्हाला मी शिकवायचं का आता?"

तो म्हणाला, "नाही मॅडम. ते मला माहीत होतं."

"मग?"

त्याने खरं ते सांगितलं. रात्री साडेनऊला त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, मॅडमना फोन करायचा. दुसरी, सुपरवायझरला. पहिल्या वाटेचा विचार करताच त्याला ती बैठक दिसली. "चूक दुरुस्त झाली की पुरे, असं वाटलं. तुम्हाला कळू नये असंच वाटलं," तो म्हणाला. मग मीही सांगितलं की फोन मी ऐकला होता.

मॅडमनी ते ड्रॉइंग मागवलं. उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत तीन रकाने असतात: काढणारा, तपासणारा, मंजुरी. तपासणाऱ्याच्या रकान्यात त्यांची आद्याक्षरं होती. ही शीट तपासली त्या रात्री त्यांनी चाळीसच्या वर शीट तपासल्या होत्या आणि ही ओळ त्यांच्या नजरेतून निसटली होती. त्या बराच वेळ त्या चौकटीकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलांच्या मधोमध एक कडक पुठ्ठ्याची वही आली. पहिली नोंद मॅडमच्या हातची. तारीख, शीट क्रमांक, बीम क्रमांक, आणि पुढे: "तपासताना तक्त्याची ओळ गणिताच्या पानाशी ताडून पाहिली नाही. तपासणारी मी." दुसरी नोंद त्याची, "ओळ कॉपी केली, बदल फोनवर सांगितला, ड्रॉइंग सुधारलं नाही." तिसरी माझी. वहीचा नियम एकच होता. स्वतःहून लिहिलेल्या चुकीबद्दल बैठकीत कुणी बोलायचं नाही. दुसऱ्याने शोधून काढलेल्या चुकीबद्दल मात्र पूर्ण चौकशी होणार.

या प्रकरणाकडे "कडक गुरूने शिष्य घडवला" असं बघणारे ऑफिसात बरेच आहेत. मला ते अर्धवट वाटतं. मॅडमच्या कडकपणात दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि आठ महिने त्या आम्हाला एकच वाटत होत्या. पान सात वेळा परत यायचं तेव्हा तो कडकपणा कामावर असायचा. प्रश्न आकड्याला विचारलेला असायचा, उत्तर त्यालाच शोधावं लागायचं, आणि शोधलेलं उत्तर त्याचं व्हायचं. खिशातला टेप, समासातले उगम, स्पॅनकडे बघून सळईचा अंदाज घेण्याची नजर, हे सगळं तिथून आलं. बैठकीतलं ते वाक्य मात्र माणसावर होतं. त्या वाक्याने मुलाला एकच गोष्ट शिकवली: चूक मॅडमपर्यंत पोचू द्यायची नाही. म्हणजे अचूकता आणि लपवाछपवी, दोन्ही एकाच माणसाकडून, एकाच काळात तो शिकत होता. रात्रीचा तो फोन हे दोन्हींचं मिळून झालेलं काम आहे. हिशोब चोख, आणि कागद खोटा.

इस्पितळांच्या संदर्भात हे आधी दिसलेलं आहे. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात परिचारिकांच्या गटांमधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या गटांत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती, आकडे उलटे आले. चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. ते गट जास्त चुकत होते असं नव्हे, तिथे चूक बोलून दाखवता येत होती. आमच्या वहीतही पहिल्या तीन महिन्यांत नोंदी भराभर वाढल्या तेव्हा आमच्या भागीदारांना काळजी वाटली होती. मॅडमनी त्यांना सांगितलं, "या आधीही होत होत्या."

मागून मॅडमनी त्याला आणखी एक प्रकरण वाचायला दिलं. न्यूयॉर्कच्या ५९ मजली सिटीकॉर्प इमारतीचे स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लेमेझुरिअर यांना इमारत उभी राहिल्यावर, १९७८ मध्ये, लक्षात आलं की तिरक्या दिशेने येणाऱ्या वाऱ्यापुढे सांधे कमी पडतात. वेल्डिंगच्या जागी बोल्ट वापरले गेले होते. त्यांनी स्वतः जाऊन मालकांना सांगितलं आणि रात्री-रात्री सांध्यांवर पोलादी पट्ट्या वेल्ड करून घेतल्या. त्याने वाचून परत दिलं तेव्हा शेवटी पेन्सिलने एक प्रश्न लिहिला होता: लोकांना १९९५ पर्यंत का कळू दिलं नाही? मॅडमनी तो प्रश्न बैठकीत वाचून दाखवला, त्याच्या नावासकट. या वेळी "तू" होतं.

आज तो स्वतंत्रपणे ड्रॉइंगं तपासतो. त्याच्या शीट मी डोळे मिटून पुढे पाठवू शकतो, तरी पाठवत नाही, आणि त्याला तेच आवडतं. मॅडम अजूनही पानं परत करतात.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. त्याच्या आधी, वही यायच्या आधी, एक मुलगी आमच्याकडे चार महिने होती. हुशारीत ती याच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हती. तीही पान परत घेऊन जायची, तिलाही "तुम्ही" ऐकावं लागलं. एका सोमवारी ती आलीच नाही. टिकलेल्यांच्या गोष्टी आपण सांगतो, कारण सांगायला तेच शिल्लक असतात. मॅडमशी हे बोललो तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी कपाटातून तिचं पॅड काढलं. शेवटच्या पानावर फूटिंगच्या, म्हणजे पायाच्या, एका आकड्याभोवती त्यांचाच लाल गोल होता, "हा कुठून आला?" आणि खाली उत्तराची जागा कोरी. आकडा बरोबर होता, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. फक्त उगम लिहायचा राहिला होता.

आता नव्या माणसाचं पहिलं पान परत करताना मॅडम त्याच्या शेजारी खुर्ची ओढून अर्धा तास बसतात. दुसऱ्या पानापासून पुन्हा लाल पेन.